पन्नाशी उलटलेला क्लब आणि सोळा वर्षांची पोरं

खडकीकर

नमस्कार मंडळी.

खडकीतल्या एका छोट्या फुटबॉल क्लबचं काम मी गेली अकरा वर्षं बघतोय. बॉलमध्ये हवा भरण्यापासून लीगची एंट्री भरण्यापर्यंत सगळं. क्लबनं पन्नाशी कधीच ओलांडली. दारूगोळा कारखान्यातल्या कामगारांनी पाळी सुटल्यावर खेळायला म्हणून तो सुरू केला, मग त्यांची पोरं खेळली, आता काहींची नातवंडं खेळतात. माझे वडील याच क्लबाकडून राइट हाफ खेळायचे.

यंदाची पोरं गुणी आहेत. बॉल छातीवर घेणं, वळणं, पास देणं, सगळं आमच्या पिढीपेक्षा सरस. पण अकरा जणांचा मिळून संघ होत नाही. गोल खाल्ला की बॉल जाळीतून काढायच्या आधी एकमेकांकडे हात होतात. बदली झालेला पोरगा बाकावर न बसता बॅग उचलून थेट गेटकडे निघतो. हंगाम अर्ध्यावर असताना दोघं दुसऱ्या क्लबात गेले.

म्हटलं, यांना क्लबचा इतिहास सांगावा. एका संध्याकाळी सराव झाल्यावर सगळ्यांना गोल करून बसवलं आणि अर्धा तास बोललो. कोणत्या साली कोणती फायनल, राज्याच्या संघात कोण गेलं, खेळावर मिलिटरीत कोण भरती झालं. पोरं सभ्य आहेत, कुणी उठून गेलं नाही. पण एक जण गवताच्या काड्या तोडत होता, आणि शेवटी एकानं विचारलं, "सर, जाऊ का? क्लास आहे." ऑफिसात जुन्या टीमचे फोटो लावलेत. त्या फोटोंच्या खिळ्यांना पोरं बॅगा अडकवतात.

त्या रात्री झोप लागली नाही. इतिहास सांगून संघ बांधला जातो का? जात असेल तर तो कसा सांगायचा? ज्यांनी संघ चालवलेत, ज्यांनी संघात दिवस काढलेत, त्यांनी लिहा.

रंकाळा

मी मूळचा कोल्हापूरचा, नोकरीमुळं हिंजवडीत. तुमचा प्रश्न वाचून आधी नवल वाटलं, कारण आमच्याकडं तो पडतच नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ या संघांची नावं पोरगं बोलायला शिकायच्या आधी ऐकतं. कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉलचे संघ उभे केले, त्यामुळं संघ म्हणजे पेठ आणि पेठ म्हणजे घर.

माझी आजी शाहू स्टेडियमची पायरी एकदाही चढली नाही. पण मॅचहून घरी आलो की पाणी द्यायच्या आधी विचारायची, "किती झालं?" जिंकलो असलो तर शेजारणीला हाक मारून सांगायची. हरलो असलो तर भाकरी ताटात ठेवायची आणि गप्प बसायची. तिच्या त्या गप्प बसण्याची मला जेवढी धास्ती होती तेवढी कुठल्या कोचची नव्हती.

तर आमच्याकडं इतिहास कुणी बसवून सांगत नाही, तो घरात असतो. पण त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ईर्षा हाताबाहेर जाते. स्टेडियमबाहेरची हाणामारी मी डोळ्यांनी बघितलीय, आणि त्यात ज्याचं डोकं फुटलं तो माझ्याच वर्गातला होता, फक्त तालीम वेगळी.

लेफ्टविंग

इतिहास राहू द्या, आधी मैदान द्या. आमच्याकडे आठवड्यातून दोनच दिवस मैदान मिळतं, तेही क्रिकेटवाले उठल्यावर.

खडकीकर

@रंकाळा, आजीची गोष्ट बायकोला वाचून दाखवली. आमची अडचण नेमकी तीच आहे. पूर्वी सगळी पोरं रेंजहिल्स आणि खडकी बाजारातली, एकमेकांच्या घरी जेवणारी. आता कुणी बोपोडीचा, कुणी दिघीचा, कुणी पिंपळे गुरवचा. सरावाला येतात आणि आपापल्या गाडीवर पांगतात. पेठ आणायची कुठून?

@लेफ्टविंग, मैदानाचं दुःख आम्हालाही आहे. पण मैदान असलेल्या दिवशीही संघ दिसत नाही, म्हणून तर हा धागा काढला.

मैदानावरचा_काका

खडकीकर, इतिहासात ताकद असते हे मनात पक्कं धरा. २९ जुलै १९११ ला कोलकात्याच्या मोहन बागाननं ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ हरवून आयएफए शील्ड जिंकली. बूट घातलेल्या गोऱ्या सोजिरांपुढे आपले अकराच्या अकरा अनवाणी. आधी एक गोल खाल्ला, मग कप्तान शिबदास भादुरीनं बरोबरी केली आणि अभिलाष घोषनं विजयाचा गोल मारला. आज शंभरहून जास्त वर्षं झाली, तरी २९ जुलैला तो क्लब मोहन बागान दिवस साजरा करतो. नवीन पोरगा त्या जर्सीत शिरतो तेव्हा तो एकटा नसतो.

हुगळीकाठ

काका, प्रतिसाद आवडला, एक दुरुस्ती. अकरा नव्हे, दहा अनवाणी. डावे बॅक सुधीर चॅटर्जी बूट घालून खेळले होते. दहा वर्षं नोकरीसाठी कोलकात्यात काढली, तिथे ही चूक केली तर चहावाला सुद्धा थांबवून सांगतो.

आणि हेच मला महत्त्वाचं वाटतं. तिथे इतिहास एवढा बारीक माहीत असतो की एका माणसाच्या पायातले बूटही कुणी विसरत नाही. खडकीकर, तुम्ही पोरांना फायनलची सालं सांगितलीत. कुणाच्या पायात काय होतं ते सांगितलंत का?

मैदानावरचा_काका

बरोबर, दहा. चूक मान्य. चाळीस वर्षं अकरा म्हणत आलो, आता जीभ वळवायला हवी.

सोळा_नंबर

मी वीस वर्षांचा आहे, दोन वर्षांपूर्वीपर्यंत पुण्यातल्याच एका जुन्या क्लबात खेळायचो. नाव लिहीत नाही. खेळाडूच्या बाजूनंही कुणी लिहायला हवं म्हणून लिहितोय, राग मानू नका.

आमच्याकडे इतिहास छडीसारखा वापरायचे. हरलो की बंद खोलीत जुने खेळाडू यायचे आणि सुरू. "आमच्या वेळी दगडांवर खेळायचो. आमच्या वेळी बूट नव्हते. तुम्ही नाव घालवलंत." एकदा आमच्या गोलकीपरनं पेनल्टी अडवली, तरी १-० हरलो. त्याच्या कौतुकाचा एक शब्द नाही. तो पोरगा त्या दिवशी रडला आणि पुढच्या वर्षी खेळायचं सोडलं. आम्हाला कळलेला इतिहास एवढाच की आमच्या आधीचे सगळे मोठे होते आणि आम्ही लहान.

पण त्याच क्लबात एक दादा होते. वय पस्तिशीच्या पुढे, खेळणं थांबलेलं, तरी रोज यायचे. त्यांनी मला सराव संपल्यावर थांबवलं आणि कॉर्नर मारायला लावले. रोज वीस. उभा पाय कुठे ठेवायचा, वारा नदीकडून आला तर बॉल किती आत घ्यायचा. आठवडाभरानं म्हणाले, "हे मला माझ्या कप्तानानं शिकवलं, त्याला त्याच्या कप्तानानं. आता तुझ्याकडे ठेवतोय." बस्, एवढंच. त्यानंतर प्रत्येक कॉर्नरला मला वाटायचं की हा माझा एकट्याचा नाही. क्लब सोडला, शहर सोडलं, पण ते वीस कॉर्नर अजून मारतो.

नीरजा_क

@सोळा_नंबर, किती नेमकं लिहिलंस रे. त्या दादांना हे वाचायला दे.

मी मुलींच्या संघाला शिकवते, वडगाव शेरीच्या बाजूला. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. आमच्याही क्लबच्या भिंतीवर फोटो आहेत, पण त्यात एकही मुलगी नाही. गौरवशाली परंपरा म्हणून भाषण होतं तेव्हा माझ्या मुली मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवतात, पाहुण्यांनी वाजवाव्यात तशा. मग मी एक साधी वही घेतली. पहिल्या पानावर मुलींच्या पहिल्या मॅचची टीम लिहिली, स्कोअर लिहिला (५-० हरलो), आणि त्याखाली प्रत्येकीनं आपल्या हातानं एक ओळ लिहिली. एकीनं लिहिलं, "आज पहिल्यांदा हेडर केला, डोळे मिटले नाहीत." सहा वर्षं झाली. आता नवीन मुलगी आली की जुन्या मुली तिला आधी वही दाखवतात, बूट नंतर.

इतिहास जुनाच असावा लागतो असं नाही. तो आपला असावा लागतो.

लेफ्टविंग

"डोळे मिटले नाहीत." ताई, ही ओळ जन्मभर लक्षात राहील. मैदानाचा मुद्दा मात्र सोडलेला नाही.

बालेवाडी_पूर्व

वाचतोय आणि पोटात कालवतंय. मी बालेवाडीच्या स्टँडमधला माणूस, खेळाडू नाही.

२००७ साली पुणे एफसी निघाला. २००९-१० ला आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वांत वरच्या लीगमध्ये, आला आणि पहिल्याच हंगामात तिसरा. २०१२-१३ ला डेरिक परेरांच्या हाताखाली चर्चिल ब्रदर्सच्या पाठोपाठ दुसरा. वाटलं, आता आपल्या गावाला क्लब मिळाला, लेकाला घेऊन येऊ, लेक त्याच्या लेकाला आणेल. २०१५ नंतर क्लब संपला. भारत एफसी एका हंगामाचा पाहुणा. डीएसके शिवाजियन्स आय-लीगमध्ये दोन हंगाम. आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) एफसी पुणे सिटी २०१४ ला आला, २०१७-१८ ला उपांत्य फेरीत गेला. बालेवाडीला ०-० झालं, बेंगळुरूला सुनील छेत्रीनं हॅटट्रिक केली आणि ३-१ हरलो. २०१९ ला तोही गेला, त्याच्या जागी हैदराबादचा क्लब उभा राहिला. मोजायला गेलं तर बारा वर्षांत चार. माझ्या कपाटात सगळ्यांचे टीशर्ट घडी घालून ठेवलेत. लेक आता इंग्लंडच्या क्लबची मॅच रात्री जागून बघतो. त्याला दोष कसा देऊ?

म्हणून लंडनच्या विम्बल्डन फुटबॉल क्लबची गोष्ट मला आपली वाटते. १९८८ ला लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकलेला क्लब. २००२ ला त्यांचा क्लब उचलून दुसऱ्या गावी, मिल्टन कीन्सला, न्यायला परवानगी मिळाली. चाहत्यांनी त्याच उन्हाळ्यात नवीन क्लब काढला, विम्बल्डन कॉमनच्या उघड्या माळावर निवड चाचणी ठेवली. अगदी खालच्या लीगपासून सुरुवात. नऊ वर्षांत, २०११ ला, ते पुन्हा फुटबॉल लीगमध्ये आले. २०२० ला आपल्या जुन्या भागात, प्लाउ लेनला, स्वतःचं स्टेडियम. आणि मधे २००७ ला, जुन्या क्लबच्या ट्रॉफ्यांच्या प्रतिकृती मिल्टन कीन्सकडून त्यांच्या मर्टन भागाला परत मिळाल्या. लोक कपासाठी भांडतात, हे आपल्या आठवणींवरच्या हक्कासाठी भांडले.

खडकीकर, तुमच्या क्लबला मालक नाही, प्रायोजक नाही, म्हणूनच तो टिकलाय. पुण्यात पन्नास वर्षं एका नावानं मैदानात उतरणं ही केवढी गोष्ट आहे हे पोरांना ठाऊक नसेल, आम्हाला आहे.

युरोपवेडा

बालेवाडी_पूर्व यांना साष्टांग दंडवत. मी पण होतो त्या स्टँडमध्ये.

मूळ प्रश्नावर येतो. दोन उदाहरणं देतो, दोन्हींत भाषण नाही.

पहिलं तोरिनो. चाळीसच्या दशकात इटलीत त्यांच्यासारखा संघ नव्हता, लागोपाठ पाच विजेतेपदं. ४ मे १९४९ ला लिस्बनहून मैत्रीपूर्ण सामना खेळून परत येताना विमान तूरिनजवळच्या सुपर्गा टेकडीवर, देवळाच्या भिंतीवर आदळलं. एकतीस माणसं गेली. लीगच्या चार मॅचेस उरल्या होत्या. तोरिनोनं युवा संघ उतरवला, आणि समोरच्या क्लबांनीही आपापले युवा संघच उतरवले. आजही दर ४ मे ला संघ टेकडीवर जातो आणि त्या वर्षीचा कप्तान गेलेल्यांची नावं एकेक करून मोठ्यानं वाचतो. फक्त नावं. परदेशातून काल आलेला खेळाडूही तिथे उभा असतो.

दुसरं स्पेनमधल्या बिल्बाओचं अॅथलेटिक. १८९८ चा क्लब, बास्क प्रदेशातले किंवा तिथे घडलेलेच खेळाडू घेतात, तरी रेआल माद्रिद आणि बार्सिलोनासारखेच कधीही वरच्या लीगमधून खाली गेलेले नाहीत. त्यांच्या सान मामेस मैदानावर पिचिची या जुन्या गोलमाराचा अर्धपुतळा आहे. कुठलाही संघ तिथे पहिल्यांदा खेळायला आला की त्याचा कप्तान त्या पुतळ्यासमोर फुलं ठेवतो. @रंकाळा, तुमच्या हाणामारीच्या मुद्द्यावर मला हे आठवलं. समोरच्यालाही आपल्या इतिहासात पाऊल ठेवायला जागा दिली तर तो शत्रू राहत नाही.

२०२४ ला चाळीस वर्षांनी त्यांनी कोपा देल रे हा स्पेनचा कप जिंकला तेव्हा संघाची मिरवणूक नदीतून गबार्रा नावाच्या तराफ्यावरून निघाली, चाळीस वर्षांपूर्वी निघाली होती तशीच. काठावर तेव्हा खांद्यावर बसलेली पोरं या वेळी आपली पोरं खांद्यावर घेऊन उभी होती. माझे डोळे भरून आले होते, सांगायला संकोच नाही.

रंकाळा

@युरोपवेडा, पुतळ्याला फुलं ठेवायची पद्धत आमच्याकडं यायला पाहिजे. शाहू महाराजांचं गाव, जागा शोधावी लागणार नाही.

हिशेबनीस

सगळं वाचलं. भावना समजतात, पण थोडा विरोध नोंदवतो. मी सोळा वर्षं कंपनी लीगमध्ये संघ चालवला. संघ बांधला जातो तो रोज तेच अकरा-पंधरा जण एकत्र घाम गाळतात त्यानं. पोरं दमलेली असतील तर सत्तर मिनिटांनंतर हात एकमेकांकडे होणारच, इतिहास माहीत असो वा नसो. फिटनेस वाढवा, हजेरी काटेकोर ठेवा, बदली खेळाडूंना न्याय्य वेळ द्या. निम्मे प्रश्न तिथेच सुटतील.

दुसरं. दोन पोरं हंगामात क्लब सोडून गेली, त्याचा सूर मला नाराजीचा वाटला. ती का गेली हे विचारलंत का? माझ्या संघातला एक स्ट्रायकर असाच गेला होता. नंतर कळलं की नव्या ठिकाणी दोन जोडी बूट आणि येण्याजाण्याचा खर्च मिळत होता, आणि घरी वडिलांचं काम सुटलं होतं. त्याला मी निष्ठेवर चार शब्द सुनावले होते. ते शब्द मला आजही बोचतात.

खडकीकर

@हिशेबनीस, तुमचा दुसरा परिच्छेद तीनदा वाचला. नाही विचारलं. आज संध्याकाळी दोघांनाही फोन करतो.

मांडवाचा_खांब

मी फुटबॉलवाला नाही, गणपती मंडळाचा कार्यकर्ता, कसबा पेठेतला. हिशेबनीस आणि बाकीचे दोघंही बरोबर आहेत असं मला वाटतं, आणि सांगड कुठे बसते ते सांगतो.

आमच्याकडे दहा वर्षांचं पोरगं आलं की त्याला मंडळाचा इतिहास कुणी सांगत बसत नाही. त्याच्या हातात सुंभाची गुंडी देतात आणि म्हणतात, त्या काकांच्या मागे उभा रहा. काका मांडवाचा बांबू बांधतात, पोरगं सुंभ सोडत जातं. तिसऱ्या वर्षी गाठ त्याच्या हातात येते. गाठ मारता मारता काका सांगतात, ही गाठ अमक्याची, पुराच्या साली मांडव पडला तेव्हा त्यानं ही शोधून काढली. १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हाची गोष्ट पोराला अशी कळते, हात कामात असताना. मी स्वतः ती तशीच ऐकली आणि तशीच पुढे दिली.

खडकीकर, तुमची पोरं मॅच खेळायला येतात, पण क्लबचं काम कोण करतं? तुम्हीच लिहिलंय, हवा भरण्यापासून एंट्रीपर्यंत सगळं मी. ते सगळं स्वतःकडे का ठेवलंत? त्यातलं थोडं त्यांना द्या.

नीरजा_क

+१०० मांडवाचा_खांब. धागा इथे नेमका पोचला.

हुगळीकाठ

अनुमोदन. @सोळा_नंबरच्या दादांनी तेच केलं होतं. कॉर्नर हातात दिला.

जुना_लेफ्टबॅक

नमस्कार. माझे वय शहात्तर. टाइप नात करत आहे, बोलतोय मी. खडकीकरांचे वडील आणि मी एकत्र खेळलो आहोत. पोरा, तू मला विचारायला हवे होतेस, पण असो, इथे विचारलेस हेही चांगले केलेस.

तू पोरांना जिंकलेल्या फायनल सांगितल्यास. मी हरलेली मॅच सांगतो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. एका पलटणीच्या संघाने आम्हाला ७-० हरवले. त्यांची छाती आमच्या डोक्याला लागायची. बॉल तेव्हा चामड्याचा, आत ब्लॅडर, वर वादीने शिवलेला. पावसात भिजला की दगडासारखा जड. वादीच्या बाजूने डोक्याला लागला तर कपाळावर वळ उठायचा. आमचा गोलकीपर चौथ्या गोलाला बोट मोडून बसला. तेव्हा बदली कुणी नव्हता. तुझा बाप गोलात उभा राहिला. तीन गोल त्याने खाल्ले, पण किती अडवले ते आम्ही मोजले नाहीत याची मला खंत आहे.

मॅच संपल्यावर कुणी कुणाशी बोलले नाही. मला वाटले, संपला क्लब. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला दारावर थाप. बाहेर कप्तान, हातात फावडे. म्हणाला, "मैदानात डाव्या बाजूला खड्डा आहे, काल तू दोनदा पडलास. चल, बुजवू." तो तसा घरोघरी गेला. आठ जण जमलो. कारखान्याच्या बाजूला मुरूम पडला होता, घमेल्याने वाहून आणला, चोपला, वर पाणी मारले. गोलकीपर बोटाला फडके बांधून आला आणि एका हाताने फक्की मारली. रेघ वाकडी आली. कप्तान म्हणाला, राहू दे. ती वाकडी रेघ पुढच्या मॅचलाही तशीच होती.

आम्ही कुठलाही कप जिंकलो तेव्हा संघ झालो नाही. आम्ही त्या सकाळी झालो.

क्लबच्या ऑफिसात पत्र्याची हिरवी ट्रंक असेल. तिच्या तळाला रजिस्टर आहे. त्यात ती मॅच लिहिलेली आहे, अक्षर कप्तानाचे. बघ आहे का.

मैदानावरचा_काका

साहेब, नमस्कार करतो. नातीलाही आशीर्वाद.

सोळा_नंबर

आजोबा, मी पुढच्या आठवड्यात पुण्यात आहे. त्या मैदानावर येऊन तुमच्या पाया पडायचंय.

लेफ्टविंग

मैदानाचा मुद्दा मागे घेतो. फावडं आहे माझ्याकडे.

खडकीकर

मंडळी, सोळा दिवसांनी लिहितोय. आधी @जुना_लेफ्टबॅक काका, तुम्हाला: तुमच्या घरी यायला हवं होतं, चुकलं. बाबांनी गोलात उभं राहिल्याचं घरी कधी सांगितलंच नाही. ते गेले त्याला नऊ वर्षं झाली. तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला, तिलाही माहीत नव्हतं.

ट्रंक सापडली. वर जाळ्या, फाटके मोजे, तळाला रजिस्टर. पुठ्ठ्याला वाळवी लागली होती, आतली पानं शाबूत. मी काहीच बोललो नाही. मांडवाचा_खांब यांनी सांगितल्याप्रमाणे पोरांना म्हटलं, ट्रंक बाहेर काढा, सामान उन्हात पसरा. तासाभरानं गवताच्या काड्या तोडणारा तोच पोरगा रजिस्टर घेऊन आला आणि म्हणाला, "सर, हे शून्य-सात काय आहे? आणि गोलकीपरच्या नावापुढे बाण काढून तुमचं आडनाव का लिहिलंय?" तेव्हा सांगितलं. सगळे जमले. या वेळी क्लास कुणाला आठवला नाही.

पुढच्या रविवारी काका रिक्षानं आले. पोरांनी खुर्ची दिली, बसले नाहीत. फक्कीचं डबडं घेतलं आणि आमच्या गोलकीपरला म्हणाले, मागे चालायचं, पुढे बघायचं नाही, आपल्या रेघेकडे बघायचं. दोघांनी मिळून पेनल्टी एरिया आखला. आता दर मॅचला मैदान आखायचं काम पोरांचं, पाळ्या त्यांनीच लावल्यात. हवा भरायचा पंप कुणाकडे राहील यावर परवा दोघांची तणातणी झाली, त्याचा मला आनंद झाला.

गेलेल्या दोघांशी बोललो. एकाचं कारण हिशेबनीस यांनी लिहिलं तसंच निघालं. तो तिकडेच खेळतोय, पण रविवारी मुरूम टाकायला आला होता. दुसरा अजून रागावलेला आहे, आणि त्याच्या रागाला कारण आहे. मी त्याला तीन मॅच बाकावर ठेवला आणि का ते सांगितलं नव्हतं.

मॅच म्हणाल तर एक बरोबरी, एक हार. हार ३-१ ची. तिसरा गोल आमच्या स्टॉपरच्या चुकीनं झाला. गोलकीपरनं जाळीतून बॉल काढला, चालत स्टॉपरकडे गेला, बॉल त्याच्या हातात दिला आणि काहीतरी बोलला. काय ते मी विचारलं नाही. संध्याकाळी रजिस्टरमध्ये स्कोअर त्या स्टॉपरनंच लिहिला. कुणी सांगितलं नव्हतं.

जुना_लेफ्टबॅक

अक्षर कसे आहे त्याचे?

खडकीकर

कोंबडीचे पाय, काका. पण तारीख बरोबर घातलीय.

नीरजा_क

खडकीकर, आमच्या मुलींना तुमच्या मैदानावर मैत्रीपूर्ण सामना खेळायला आवडेल. येताना आमची वही आणू, तुमचं रजिस्टर बाहेर ठेवा. आणि त्या रागावलेल्या मुलाला रेफ्री हो म्हणा, माझा अनुभव आहे, ते पोरं मनापासून करतात.

बालेवाडी_पूर्व

मी लेकाला घेऊन येतो. कधी आहे तेवढं कळवा.

खडकीकर

येत्या रविवारी सकाळी सात. मैदान आखायला सहाला जमायचं. रजिस्टरच्या पानांचे फोटो काढून ठेवायचेत, चांगला कॅमेरा असेल त्यानं आणा. फक्की एक पोतं कमी पडेल असं गोलकीपर म्हणतोय.

लेफ्टविंग

फक्की माझ्याकडून. फावडंही आणतो.